डाव्या हाताचं मलम

माझी धाकटी जाऊ मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तेव्हा त्याला काही कारण नव्हतं. कारणं पुढे एकेक करून मिळत गेली, आणि मीही ती जपून ठेवली. तिच्या हातून कढत पातेलं कधी कलंडत नाही. तिनं लावलेलं झाकण गळत नाही. ती कोणाशी भांडत नाही, त्यामुळे घरात भांडण झालं की ते आपोआप माझ्याच खाती जमा होतं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे सासूबाई तिला हाक मारताना आवाज खाली आणतात. मला मारलेली हाक रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जाते.

आमचा मलमांचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द सासूबाईंचा. प्रत्यक्षात ती घरामागची एक लांबट खोली आहे. दोन शेगड्या, एक दगडी ओटा, भिंतीला डब्यांची मांडणी, आणि कितीही पुसलं तरी तेलकट राहणारी फरशी. सासूबाईंनी तरुणपणी एकटीनं हे सुरू केलं. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून त्या दारापाशी खुर्ची टाकून बसतात आणि आम्हा दोघींना राबवतात. तेल तापवायचं, त्यात मेण विरघळवायचं, फडक्यातून गाळायचं आणि गरम असतानाच डब्यांत ओतायचं. काम सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल.

हातांच्या भेगांवरचं मलम आमच्याकडे दोन तऱ्हेचं निघायचं. माझं घट्ट. मी मेण सढळ हातानं घालते, कारण मलम कातडीवर बसलं पाहिजे, पाहुण्यासारखं येऊन जाता कामा नये. धाकटीचं पातळ. लावलं की मुरतं, हात चिकट होत नाहीत. दोन्ही खपत होती, दोघींच्या शेगड्या वेगळ्या होत्या, आणि एकमेकींच्या पातेल्यात डोकावायची गरज नव्हती. मी डोकावायचे, ती गोष्ट वेगळी.

मग एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीतून मुकादमबाई आल्या. त्यांच्या हाताखालच्या बायकांचे हात साबणानं आणि गरम पाण्यानं फाटून निघत होते. प्रत्येक नळापाशी मलम ठेवायचं त्यांनी वरून मंजूर करून आणलं होतं, वर्षभर. सासूबाईंनी तेव्हाच जाहीर करून टाकलं की एवढं मोठं काम आलं तर दोन प्रकारांचा पसारा परवडायचा नाही. दोन्ही देऊन बघायची, जे चांगलं ठरेल ते दोन्ही शेगड्यांवर शिजेल. दुसरं बंद.

बंद म्हणजे काय, ते मला नीट कळलं. बंद म्हणजे मी उद्यापासून धाकटीच्या हाताखाली धाकटीचं मलम ढवळणार. नऊ वर्षं मी त्या शेगडीपाशी उभी राहिले होते, ती चार.

पहिली परीक्षा मुकादमबाईंनी आपल्या सोयीनं घेतली. माझ्या डब्या खालच्या मजल्यावर, डाग घासणाऱ्या बायकांना दिल्या. धाकटीच्या वरच्या मजल्यावर, चादरींच्या घड्या घालणाऱ्यांना. तीन आठवड्यांनी येऊन त्यांनी सांगितलं की वरच्यांचे हात अगदी लोण्यासारखे झालेत आणि खालच्यांचे होते तसेच आहेत.

सासूबाईंनी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. थरथरता का होईना, फिरवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, घडी घालणाऱ्यांचे हात दिवसभर कोरड्या, गरम कापडात असतात. त्यांना नुसतं खोबरेल दिलं असतंत तरी ते बरे झाले असते. माझ्या बायका आठ तास साबणाच्या पाण्यात हात बुडवून उभ्या असतात. ही काय तुलना झाली?

"नाचता येईना अंगण वाकडं," सासूबाई म्हणाल्या.

धाकटी काही बोलली नाही. तिचं हे असंच. ती गप्प बसते आणि चांगली दिसते.

पण त्या रविवारी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. घरात त्यांना आम्ही सरासरीबाई म्हणतो, कारण चहा कसा झालाय विचारलं तरी त्या कालच्या आणि परवाच्या चहाची आठवण काढून मगच उत्तर देतात. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, मुकादमबाईंनी कोणाला काय दिलं ते दोनदा विचारलं, आणि मग आईकडे वळून म्हणाल्या, "आई, वहिनीचं अंगण खरंच वाकडं होतं."

मी त्या क्षणी त्यांचे पाय धरले असते. नऊ वर्षांत त्या घरात माझ्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

वन्संनी मग शिकवणी घेतली. बायका विटांसारख्या एका साच्यातून निघालेल्या नसतात, त्या म्हणाल्या. एक विशीतली, एक पन्नाशीची. एकीला घरी जाऊन पुन्हा भांडी घासायची असतात, एकीच्या घरी दुसरं कोणी घासतं. एकीची कातडीच मुळात नाजूक. तुम्हाला पारखायचं आहे मलम, आणि तुम्ही पारखून बसलात बायका. सासूबाईंनी विचारलं, मग एकसारख्या बायका आणायच्या कुठून?

"नाहीच मिळत. पण एका बाईच्या एका हाताला जुळणारा हात एकाच ठिकाणी असतो. तिच्याच दुसऱ्या खांद्याखाली."

म्हणजे असं की, नळावरच्या वीस बायका घ्यायच्या. प्रत्येकीला दोन्ही मलमं, एका हाताला एक, दुसऱ्या हाताला दुसरं. तीच बाई, तेच वय, तेच पाणी, तोच साबण. फरक उरला तर तो मलमाचा.

सासूबाईंचा चेहरा जरा कसनुसा झाला. उभ्या आयुष्यात आपण कोणत्या सुनेत डावं-उजवं केलं नाही, हे त्या भेटेल त्याला सांगत असतात. त्या म्हणाल्या, "म्हणजे डावं-उजवं करायचं म्हणतेस?"

"या वेळी करायचंच आहे, आई."

पण एक गोष्ट वन्संनी बजावून सांगितली. दोन हातही अगदी सारखे नसतात. एक जास्त राबतो. म्हणून कोणाच्या कोणत्या हाताला कोणाचं मलम, ते आपण ठरवायचं नाही. ते नाणं ठरवेल. प्रत्येक बाईसाठी एकदा उडवायचं, छापा पडला तर मोठीचं मलम उजव्या हाताला, काटा पडला तर डाव्या. पडेल ते लिहायचं, यादी पाकिटात घालून बंद करायची, आणि शेवटची मोजणी होईपर्यंत ते पाकीट वन्संनाही दाखवायचं नाही. कोणत्या हाताला काय आहे हे त्यांना ठाऊक असलं तर त्यांचा डोळाही नकळत एकीकडे झुकेल म्हणे. स्वतःच्या डोळ्यावर इतका अविश्वास असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

नाणं कोणी उडवायचं यावर सासूबाई लगेच म्हणाल्या, "मोठीच उडवू दे. म्हणजे पुन्हा अंगणाची तक्रार नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यापाशी स्टूल ओढून बसले. धाकटी बाजारात गेली होती, सासूबाई आत पडल्या होत्या. समोर वीस बायकांचे क्रमांक लिहिलेला कागद, नाणं, आणि चाळीस रिकाम्या डब्या. उजव्या हाताच्या डबीला लाल दोरा बांधायचा, डाव्या हाताची तशीच ठेवायची, एवढीच खूण.

पहिल्या सहा वेळा मी प्रामाणिकपणे उडवलं. हे मी शपथेवर सांगते. छापा, काटा, छापा, छापा, काटा, छापा. सहांतल्या चौघींच्या उजव्या हाताला माझं मलम.

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. याच हातानं मी ढवळते, याच हातानं गाळते, खरवडते, पुसते. अंगठ्याखाली मेणाच्या चटक्यांचे डाग, बोटांच्या पेरांना घट्टे. डावा हात बघा, जहागीरदारासारखा मऊ. राबतो तो उजवा, फाटतो तो उजवा. आणि चौघींचा फाटलेला हात माझ्या वाट्याला आणि आराम करणारा धाकटीच्या. हेच तर माझ्या आयुष्यात चाललं होतं. अवघड ते मला, सोपं ते तिला, आणि शेवटी शाबासकी कोणाला?

मी सहाव्या बाईचा छापा पुन्हा उडवला. काटा पडला. मनाशी म्हटलं, मघाशी नाणं ओट्याच्या कडेला लागलं होतं, ते धरायचं नाही. मग चौथीचा उडवला, तो दोनदा उडवावा लागला. सातवीच्या वेळी नाणं मेणाच्या डब्यामागे गेलं, तेही धरलं नाही. पुढे पुढे मी कारणं शोधायचं सोडून दिलं. काटा पडेपर्यंत उडवत राहिले. अगदीच उघडं पडू नये म्हणून तीन छापे राहू दिले. सतरा डावे, तीन उजवे. हा सगळा उद्योग मला अगदी डाव्या हातचा मळ वाटला.

यादी पाकिटात घालून चिकटवली. डब्या भरल्या, दोरे बांधले. वन्संनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही मलमांत एकाच सुगंधाचे थेंब टाकले होते, वर एकच पिवळट रंग. तरीही ज्यानं मलम घोटलंय त्याला बोट लावताच आपलं कुठलं ते कळतं. ही गोष्ट मला तेव्हा सुचायला हवी होती.

कारण डब्या वाटायला आणि लावायचं कसं ते दाखवायला धाकटी गेली. मी जायचं नाही असं ठरलं होतं, यादी मला ठाऊक होती म्हणून. वन्सं भिंग घेऊन गेल्या आणि वीस बायकांच्या चाळीस हातांवरच्या भेगा एकेक करून मोजून आल्या. सुरुवात कुठून झाली ते लिहून ठेवल्याशिवाय कोण किती पुढे गेलं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी धाकटी परत आली, चपला काढल्या, हात धुतले. मी विचारलं, दिलं का सगळ्यांना? ती म्हणाली, "दिलं, ताई. सगळ्यांना नीट दाखवलं." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मला वाटलं, दमली असेल.

ते तीन आठवडे मी फार गोड वागले. धाकटीनं चहा केला तर चांगला झालाय म्हणाले. जिंकणाऱ्याला मन मोठं करायला काय जातं.

निकालाच्या दिवशी कारखान्यात आम्ही चौघीच होतो. वन्संनी दुपारी लाँड्रीत जाऊन पुन्हा भेगा मोजल्या होत्या. त्यांनी ओट्यावर वही उघडली, सासूबाईंच्या समोर पाकीट फाडलं, यादी वहीशेजारी ठेवली आणि बेरजा करायला लागल्या. पेन्सिलीचा तेवढा आवाज येत होता. एका जागी त्या थांबल्या, यादीवरून बोट फिरवत पुन्हा वरपासून मोजलं, आणि पुढे गेल्या.

"मोठ्या वहिनीच्या मलमाखाली आज उरलेल्या भेगा एकाहत्तर," त्या म्हणाल्या. "धाकटीच्या सहासष्ट."

 सोपे हात घेऊनही हरले? सासूबाईंनी "झालं तर मग" म्हणून गुडघ्यावर हात ठेवले, उठायला.

"थांब ना, आई. सुरुवात बघ." वन्संनी वही आईकडे फिरवली. "वहिनीच्या वाट्याच्या हातांवर सुरुवातीला दोनशे अठ्ठावीस भेगा होत्या. धाकटीच्या हातांवर एकशे साठ."

मला काही केल्या अर्थ लागेना. माझ्या वाट्याला तर डावे हात होते. वन्संनी समजावलं, मला नव्हे, आईला. डाग घासताना बाई उजव्या हातात ब्रश धरते. ब्रशाला लाकडी मूठ असते, हात पाण्याच्या वर राहतो. कापड दाबून धरतो तो डावा, आणि तो मनगटापर्यंत साबणाच्या पाण्यात बुडालेला असतो, आठ तास. त्या लाँड्रीत फाटतो तो डावा हात.

ढवळणाऱ्या बाईनं आपल्या हातावरून घासणाऱ्या बाईचा हात जोखला होता. मी नळापाशी कधी उभी राहिले नव्हते. माझा डाव माझ्यावरच उलटला होता, आणि तो उलटला हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

पण मग पुढचा विचार आला. दोनशे अठ्ठावीसवरून एकाहत्तर. एकशे साठवरून सहासष्ट. मी म्हटलं, वन्सं, मग जास्त तर माझंच भरलं की. हिशेब तर हेच सांगतो.

"सांगत नाही, वहिनी. तीच तर पंचाईत आहे." त्यांनी चष्मा काढला. जास्त फाटलेला हात जरा निगा राखली की तसाही जास्त भरतो, त्या म्हणाल्या. तुमचं मलम जवळजवळ सगळं डाव्या हातांवर पडलंय. आता हे भरणं मलमाचं की हाताचं, ते वेगळं काढता येत नाही. तुमचं मलम जिथं उजव्या हाताला होतं अशा तीनच बायका निघाल्या. त्या तिघींतही तुमचंच चांगलं दिसतंय, पण तिघींच्या जिवावर मी काही बोलणार नाही. "चूक माझीच आहे. नाण्यावर सोडायला नको होतं. दहा जणींना डावा, दहा जणींना उजवा असं आधी ठरवून मग चिठ्ठ्या टाकायला हव्या होत्या. वीसमध्ये सतरा काटे म्हणजे आपलं नशीबच फुटकं."

नशीब. ती वेडी बाई दोष स्वतःच्या आणि नाण्याच्या माथी मारून मोकळी झाली होती.

सासूबाईंना एवढ्या भानगडीत रस नव्हता. मुकादमबाईंना पुढच्या महिन्यात काम सुरू करायचं होतं. त्या म्हणाल्या, "काही सांगता येत नसेल तर ज्याच्या भेगा कमी उरल्या ते धरा. धाकटीचं करू."

धाकटीनं मान खाली घातली. ओठांच्या कोपऱ्यात किंचित काही हललं.

मी खरं बोलले ते त्या कोपऱ्यामुळे. कोणी मला प्रामाणिक म्हणेल तर मला चालेल, पण ते खोटं आहे. माझं मलम चांगलं होतं. चांगलं असूनही, माझ्याच हातानं त्याचं तोंड बंद करून, मी ते हिच्या पायाशी नेऊन ठेवलं होतं. हे मला सहन होईना. अब्रू गेली तरी चालेल, पण ही जिंकता कामा नये, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

"नशीब नाही ते," मी म्हटलं. "मी उडवलं तसं. काटा पडेपर्यंत उडवत होते. मला वाटलं, डावा हात सोपा."

 शेगडीवरच्या पातेल्यात मेण फुटफुटत होतं. वन्संनी चष्मा पुन्हा लावला, जणू मला नीट बघायचं राहून गेलं होतं. सासूबाईंचं तोंड उघडलं, आणि आता नऊ वर्षांचा हिशेब एकदम निघणार म्हणून मी खांदे आवळले.

त्याआधी धाकटी बोलली. हळू आवाजात, नेहमीसारखीच.

"मला माहीत होतं."

आम्ही तिघी तिच्याकडे वळलो.

"पहिल्या दिवशीच. पहिल्या चार-पाच डब्या उघडून दाखवल्या, तेव्हा बोटाला कळलं. बिनदोऱ्याच्या डबीत सगळीकडे ताईंचं." ती ओट्यावरचा मेणाचा थेंब नखानं खरवडत होती. "आणि डावा हात जास्त फाटतो हेही माहीत होतं. माझी आई एका हॉटेलात धुण्याला होती. लहानपणी तिच्या डाव्या हाताला मीच तेल चोळायचे."

"मग बोलली का नाहीस?" वन्संनी विचारलं.

"ताई हरत होत्या म्हणून."

इतकं सरळ उत्तर त्या खोलीत कोणी कधी दिलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. तो यायच्या आधी आश्चर्यच इतकं झालं की त्याला जागाच मिळाली नाही. मी विचारलं, पण तुला माझं काय खुपतं? सगळं तर तुलाच मिळतं.

आता मात्र तिनं मान वर केली. डोळे भरलेले होते, पण आवाज नव्हता भरलेला. "मला? चार वर्षं झाली मला या घरात. मेण किती घालू, मोठीला विचार. आच किती ठेवू, मोठी कशी ठेवते बघ. माझं मलम नीट जमलं तर म्हणतात, मोठीच्या हाताखाली शिकलीस म्हणून. तुम्हाला ओरडतात ते घरच्यासारखं ओरडतात. माझ्याशी अजून पाहुण्याशी बोलावं तसं बोलतात."

मी सासूबाईंकडे पाहिलं. हे "मोठीला विचार" त्या माझ्या पाठीमागे म्हणत होत्या, आणि माझ्या कानावर यायचं ते फक्त "धाकटीकडे बघ". सासूबाई चपापल्या. 

"मी कधी डावं-उजवं केलं नाही," त्या म्हणाल्या.

"केलंस, आई," वन्सं म्हणाल्या. "दोघींनाही डावं केलंस. पाळीपाळीनं."

सासूबाई उठल्या आणि आत निघून गेल्या. वन्संनी वही मिटली आणि आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाल्या, इतकी जुळणारी जोडी मला वीस बायकांत सापडली नसती. एका माळेचे मणी आहात. आणि त्या हसल्या. आम्हाला हसू आलं नाही, पण मी पातेल्याखालची आच कमी केली आणि त्याच वेळी धाकटीनं गाळायचं फडकं पुढे केलं.

मुकादमबाईंना महिनाभर थांबायला सांगायचं काम वन्संनी अंगावर घेतलं. परीक्षा पुन्हा झाली, नव्या वीस बायकांवर. या वेळी माझ्या मलमासाठी वीस चिठ्ठ्या, दहांवर डावा, दहांवर उजवा. धाकटी आणि मी समोरासमोर बसून एकेक चिठ्ठी उचलत होतो, आणि प्रत्येक चिठ्ठी आधी समोरचीला दाखवत होतो. इतका परस्पर अविश्वास, पण खरं सांगते, त्या दुपारी आम्ही पहिल्यांदाच एकत्र चहा घेतला. डब्या दोघींनी समोरासमोर भरल्या, यादी वन्संना न दाखवता पाकिटात बंद केली, आणि वाटायला आमच्यातलं कोणीच गेलं नाही, ते मुकादमबाईंनी केलं.

निकालाला पुन्हा आम्ही चौघी ओट्याभोवती. वीसपैकी सतरा जणींचा माझ्या मलमाचा हात जास्त भरला होता. डावा असो की उजवा. वन्संनी दोनदा बेरीज केली आणि म्हणाल्या, याच्यावर मी सही करते.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. आवाज खाली होता. तो आवाज ऐकायला मी नऊ वर्षं थांबले होते. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. मग तोच आवाज घेऊन धाकटीकडे वळल्या. "बघ. शिक जरा मोठीकडून."

धाकटीनं "हो, आई" म्हटलं आणि आपल्या शेगडीवरचं पातेलं उतरवायला घेतलं. ते रिकामं होतं, तरी तिनं दोन्ही हातांनी धरलं.

ते वाक्य मी पहिल्यांदाच माझ्या कानांनी ऐकत होते. चार वर्षं तिनं ऐकलं होतं. मी पुढे होऊन पातेल्याचा एक कान धरला, धरायची काही गरज नसताना. मला वाईट वाटलं, हे खोटं नाही. पण बरंही वाटलं, तेही खोटं नाही. एकाच माणसाच्या दोन हातांना दोन वेगळी मलमं लावावीत तसं. त्यातलं जास्त काय होतं, ते मात्र मी वन्संना मोजू दिलं नाही.